‘आटणार नाही’ या हमीचे २,४३० रुपये

ठाण्यात घोडबंदर मार्गावरील आमच्या सोसायटीत दिवाळीपूर्वी एका रविवारी सोफे आणि गालिचे धुऊन देणाऱ्यांचा स्टॉल लागला. समितीने परवानगी दिली आहे म्हणजे चौकशी झालेली असणार, असे मी गृहीत धरले. बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाने असे गृहीत धरावे याची लाज वाटते. पण शेजारच्या दोन घरांतील सोफे त्यांनी खरोखर स्वच्छ करून दिले होते, हेही सांगितले पाहिजे.

आमचा गालिचा लोकरीचा, उत्तर प्रदेशातील भदोहीचा, ६ बाय ९ फुटांचा. २०११ मध्ये १८,५०० रुपयांना घेतलेला. धुण्याचा दर चौरस फुटाला १५ रुपये, म्हणजे ८१० रुपये. मग स्टॉलवरच्या मुलाने गालिचा उलटून दाखवला आणि सांगितले की आतील ताणा (उभे धागे) सुती आहे, तो भिजला की आटणार. मात्र चौरस फुटाला ४५ रुपये देऊन ‘नो-श्रिंक’ प्रक्रिया केली तर लेखी हमी मिळेल. धोका त्याने खराच सांगितला, म्हणून तर मी फसलो. एकूण ३,२४० रुपये आगाऊ भरताना क्यूआर कोडवर पावतीपेक्षा वेगळेच नाव आले. तेही मी वाचले आणि तरी पैसे पाठवले.

खरा क्षण त्यानंतरचा. पार्किंगमध्ये त्यांनी वाफाळते पाणी ओतून यंत्राने घासायला सुरुवात केली, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, स्वेटर तरी आपण असल्या पाण्यात बुडवतो का?” मी तिला म्हणालो, “त्यांची प्रक्रिया वेगळी असते.” हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. उकळते पाणी आणि घासणी एकत्र आली की लोकर नमद्यासारखी गुंतते, आणि वरून फवारलेल्या कोणत्याही द्रवाने सुती ताणा वाचत नाही. असा गालिचा आधी दोन्ही बाजूंनी कोरडाच झाडावा. पुसायचा झाल्यास गार पाणी, सौम्य साबण आणि घट्ट पिळलेला स्पंज, तोही कोपऱ्यावर पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का हे पाहून. नंतर दोरीवर न टाकता सपाट पसरून पंख्याखाली त्याच दिवशी वाळवावा. आमचा रात्रभर कठड्यावर ठिबकत होता. सकाळी तो लांबीला पाच इंच आणि रुंदीला तीन इंच कमी भरला, चारही कोपरे वर वळलेले. धुण्यापूर्वीच टेपने मोजून ठेवा. माझ्याकडे निदान खरेदीची जुनी पावती होती.

फोन बंद. पोलीस चौकीतून मला पोलीस ठाण्यात पाठवले, ठाण्यातून पुन्हा चौकीत, आणि तिसऱ्या फेरीला “काका, यात चोरीला नेमके काय गेले?” असा प्रश्न झाला. ही दिवाणी बाब आहे, असे सांगून अर्जाची पोच देण्यासही टाळाटाळ केली. बँकेचे म्हणणे, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे. समितीने स्टॉलचे २,००० रुपये भाडे घेतले, पण त्या लोकांच्या ओळखपत्राची प्रत घेतली नाही. सचिवांनी उलट मलाच विचारले की इतका महागडा गालिचा बाहेर दिलात कशाला.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून अर्ज लिहायला बसलो आहे. विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता ही जागा अजून कोरी आहे. धुण्याच्या पावतीवर पत्ता नाही, हे मी पैसे देण्यापूर्वी पाहिले नव्हते.