जुन्या जीपचा वॉटर पंप आणि जालना रस्त्यावरचे एक दुकान

मागील उन्हाळ्यात आमच्या महिंद्रा सीजे-३बी जीपच्या, इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालील छिद्रातून पाणी ठिबकू लागले, म्हणजे आतले सील गेले. ‘कोणत्याही जुन्या जीपला बसतो’ अशी ग्वाही देऊन परभणीतील एका दुकानदाराने दिलेला पंप बसला खरा. परंतु पुली काही मिलिमीटर पुढे आल्यामुळे फॅन बेल्ट तिरका धावू लागला आणि पंख्याची पाती रेडिएटरच्या जाळीला जेमतेम घासायची राहिली.

त्या ग्वाहीत तथ्य नव्हते असे नाही. जीपची मूळ अमेरिकी कंपनी विलीज हिच्या गो-डेव्हिल (महायुद्धातील जीपचे) आणि नंतरच्या हरिकेन (सीजे-३बीचे) या दोन्ही इंजिनांची क्षमता १३४ घनइंच असून, हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले तरी पंप ज्यावर बसतो तो खालचा ब्लॉक मुळात तोच राहिला. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातील जीपचा पंपही सीजे-३बीवर चढतो. घोळ होतो तो पुलीच्या रुंद-अरुंद खाचेत आणि शाफ्टवर हब (पुली व पंखा ज्यावर बसतात तो भाग) किती आत दाबले आहे यात.

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यालगतच्या लहानशा दुकानाचे मालक हे जाणतात. जुना पंप समोर ठेवल्याशिवाय ते नवा देत नाहीत. ब्लॉकला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून हबच्या तोंडापर्यंतचे अंतर त्यांनी दोन्ही पंपांवर व्हर्निअरने मोजले, नव्याचे हब प्रेसवर दाबून जुन्याइतके केले, इंपेलर (पाणी ढकलणारे आतले चक्र) कोठे घासत नाही ना हे शाफ्ट हाताने फिरवून पाहिले आणि आमचीच जुनी पुली चढवून दिली. माझ्यापुढच्या ग्राहकाला मात्र त्यांनी रिकाम्या हाती परत पाठवले, कारण ॲम्बेसिडर हे नाव एकच असले तरी १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाचा पंप नंतरच्या इसुझू इंजिनाला चढत नाही. विक्री सोडणारा दुकानदार विरळाच.

उणिवाही आहेत. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसवायचे सोबतचे पॅकिंग इतक्या कच्च्या पुठ्ठ्याचे होते की आमच्या मिस्त्रींनी ते फेकून नवे कापले. बिलाऐवजी चिठोरे मिळाले आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असल्याने परगावच्या माणसाचा दिवस मोडतो.

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तापमानाचा काटा मध्याच्या पुढे सरकला नाही आणि पंपाखालचे छिद्र आजही कोरडे आहे.