जॉर्ज क्रम यांचं चेंबर संगीत: माइक कुठे, आवाज किती

जॉर्ज क्रम (1929–2022) या अमेरिकन संगीतकाराची चेंबर रचना (मोजक्या वादकांसाठीची) बसवायला घ्यायची, तर आधी माइकचं गणित जमावं लागतं, बोटांचं नंतर. एरवी कानापर्यंत पोचणारच नाहीत असे आवाज – तारेवरची नखाची घासण, फ्लूटमधली नुसती फुंकर – त्यांना पुढे आणायचे असतात. तिथे चूक झाली की उरतात ते विचित्र आवाजांचे तुकडे.

‘व्हॉक्स बलेने’ (1971) ही त्यांची सगळ्यात सुडौल रचना. इलेक्ट्रिक फ्लूट, इलेक्ट्रिक चेलो, माइक लावलेला पियानो. साधारण वीस मिनिटं. प्रेरणा हंपबॅक व्हेलच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाची. सुरुवातीला फ्लूटवादक वाजवता वाजवता गातो. इथे माइक तोंडाच्या फार जवळ असला तर श्वासाचे फटके ऐकू येतात आणि गळ्यातला सूर बुडतो. थोडा बाजूला, तिरका ठेवला की दोन्ही नीट पोचतात. रिखार्ड स्ट्राउसच्या ‘झरथुष्ट्रा’ या वाद्यवृंद रचनेची नक्कल मात्र फार उघड आहे, पहिल्यांदा गंमत वाटते, नंतर नाही.

चेलोच्या तारा वेगळ्या लावायच्या असतात: खालून वर बी, एफ शार्प, डी शार्प, ए. म्हणजे खालच्या दोन तारा अर्धा स्वर उतरवायच्या, तिसरी अर्धा स्वर चढवायची. ऐन वेळी लावलेली तार वाजवता वाजवता सरकते, म्हणून आदल्या दिवसापासूनच वाद्य या सुरांत ठेवलेलं बरं. समुद्रपक्ष्याची हाक काढायची तर हार्मोनिक (तारेला हलकेच बोट लावून काढलेला पातळ सूर) धरलेल्या दोन बोटांमधलं अंतर न बदलता हात तारेवरून घसरवायचा. सवयीने अंतर कमी-जास्त केलं की तुटक हाका उमटत नाहीत, नुसतीच सरळ मींड ऐकू येते.

पियानोत तारांवर छिन्नी, काचेची कांडी आणि पेपर क्लिप वापरायची आहे. लोखंडी चौकटीच्या पट्ट्या प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असतात. घरच्या पियानोवर सहज सापडणारी तार सभागृहातल्या पियानोत पट्टीखाली दडलेली निघू शकते. त्यामुळे एक तालीम त्याच पियानोवर हवी, आणि तारांना हात लावायची परवानगी तारीख ठरवतानाच घ्यावी.

तिघांनी काळे अर्धमुखवटे घालायचे आणि शक्य तर रंगमंचावर गडद निळा प्रकाश ठेवायचा, अशी सूचना आहे. कल्पना देखणी, पण त्या उजेडात स्वरलिपी वाचता येत नाही. स्टँडवर झाकलेला छोटा दिवा लागतोच. चष्मेवाल्यांनी मुखवटा पहिल्या तालमीपासून घालावा.

‘ब्लॅक एंजल्स’ (1970) इलेक्ट्रिक स्ट्रिंग क्वार्टेटसाठी (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) आहे: तेरा ‘चित्रं’ म्हणजे छोटे तुकडे, तीन भागांत. वाजवणारे चौघंच, पण सामान दुप्पट. मराकस (खुळखुळे), टॅमटॅम (मोठी घंटा-थाळी), बोटांत घालायच्या टोपण्या, पाण्याचे स्फटिक-पेले. पेल्यांचे सूर जलतरंगासारखे पाण्यानेच जुळवायचे, फक्त काठावरून गज फिरवायचा. पाणी घातलं की सूर उतरतो, चढत कधीच नाही. म्हणून रिकामा पेला हव्या सुरापेक्षा वरच बोलला पाहिजे; खाली बोलत असेल तर तो पेला बाद. जाड काच गजाला दाद देत नाही. पेले फळीवर घट्ट बसवले नाहीत, तर ‘गॉड-म्युझिक’मध्ये चेलो गात असताना शेजारी काच खडखडते, आणि त्या चित्राचं मग काही उरत नाही.

उलट ‘पावाना लाक्रिमे’ या चित्रात वाद्यं जुन्या व्हायोलसारखी (उभी धरून वाजवायचं तंतुवाद्य) धरून गज बोटांच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला चालवायचा असतो. शुबर्टच्या ‘डेथ अँड द मेडन’ क्वार्टेटची धून दुरून, पातळ होऊन येते. मूळ क्वार्टेट आधी ऐकलेलं असेल तर हा भाग दुप्पट भिडतो.

पहिल्या चित्रातल्या ‘विद्युत्-कीटकां’च्या आवाजासाठी ध्वनी इतका चढवला जातो की घोडीजवळचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा छोटा माइक) आणि स्पीकर समोरासमोर आल्यास शिट्टी वाजणारच. स्पीकर वादकांच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे.

‘इलेव्हन एकोज ऑफ ऑटम’ त्याआधीची: व्हायोलिन, आल्टो फ्लूट, क्लॅरिनेट, पियानो. पेडल दाबून ठेवलेल्या पियानोच्या तारांवर फुंकवाद्यं वाजवली की तारा आपोआप गुणगुणतात. माइकवाल्या रचनांची चाहूल इथे लागते. थोडी विसविशीत आहे, पण छोट्या खोलीत सुंदर लागते.

स्वरलिपी पीटर्स प्रकाशनाची, क्रम यांच्या सुबक हस्ताक्षरात, मोठ्या आकाराची. ‘व्हॉक्स’साठी तीन प्रती घ्या, कारण तिघंही पूर्ण स्वरलिपीवरूनच वाजवतात. छोटी झेरॉक्स काढली तर शार्प-फ्लॅट पुसट होतात.

ऐकायला क्रोनोस क्वार्टेटचं 1990 सालचं ‘ब्लॅक एंजल्स’ घ्या, हेडफोनवर. आवाजाची पातळी मात्र सुरुवातीच्या गोंगाटावर ठरवू नका. आधी ‘गॉड-म्युझिक’ लावा, पेले स्पष्ट ऐकू येतील इतका आवाज ठेवा, मग पहिल्यापासून चालू करा. पहिलं अर्धं मिनिट कान तापतील, तेवढं सहन करावं लागेल.