चोवीस कप्पे की एक गव्हाणी? लहान मुलांच्या घरातली डिसेंबरची निवड

डिसेंबर लागला की तीन ते आठ वर्षांची मुलं असलेल्या घरात एक प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो: नाताळ कधी? फराळ, तारा, नवे कपडे, गाण्यांची फेरी हे सगळं शेवटच्या आठवड्यातलं. त्याआधीचे तीन आठवडे मुलांच्या हाताला काहीतरी लागतं. त्यासाठी दोन रिवाज आहेत. एक, चोवीस कप्प्यांचं कॅलेंडर, रोज सकाळी एक कप्पा उघडायचा. दुसरा, महिनाभर थोडी थोडी उभी राहणारी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा. उत्साहात दोन्ही सुरू केली तर आठ-नऊ तारखेपर्यंत एक हमखास मागे पडतं, म्हणून एकच निवडावं हे बरं.

कॅलेंडर जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांतून आलं. तिथे आधी दारावर खडूच्या रेघा मारून दिवस मोजत, छापील कॅलेंडरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. गव्हाणीचा देखावा त्याहून बराच जुना. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरे बैल आणि गाढव आणून तो उभा केला, तिथून ही पद्धत पसरली असं मानतात. एक बारीक फरक ध्यानात ठेवा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कधीही येतो, त्यामुळे हा काळ २२ ते २८ दिवसांचा असतो. कॅलेंडर मात्र १ तारखेला सुरू होऊन २४ ला संपतं, त्याला पंचांग बघावं लागत नाही.

आधी कॅलेंडर, कारण ते सोपं आहे. विकतचं चॉकलेटवालं मिळतं, पण घरी केलेलं जास्त टिकतं. सोलापुरात त्यासाठी टॉवेलच्या कापडाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. कारखान्यांतून निघणारे कटपीस वजनावर मिळतात. मागचं कापड ७५ बाय ६० सेंटीमीटरचं घ्या, त्यावर सहा-सहा कप्प्यांच्या चार ओळी बसतात. कप्पा शिवून १० सेंटीमीटर रुंद आणि ८ उंच राहायला हवा, म्हणजे कापताना चारी बाजूंनी एकेक सेंटीमीटर जास्त धरा. टॉवेलची कड दुमडली नाही तर आठ दिवसांत सुटते. घरच्या मशीनला १६ नंबरची सुई लावा. चादरीचं कापड घेणार असाल तर १८ नंबरची, नाहीतर दुमड चौपदरी झाली की सुई मोडते.

आकडे ओळीने घालू नका, विखरून घाला. १ ते २४ क्रमाने घातले तर मुलं तिसऱ्या दिवशीच न बघता हात घालतात. शिवाय एकाच बाजूचे कप्पे आधी रिकामे होतात आणि कॅलेंडर एका खिळ्यावर असेल तर तिरकं होतं. विखुरलेला आकडा शोधणं हाच पाच वर्षांच्या पोराचा अभ्यास. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी आणि वीस नंतर, लिहिताना उलट. ते कोडं या कप्प्यांवर जितक्या सहज सुटतं तितकं पाटीवर सुटत नाही. कॅलेंडरच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे. दुसरा मुद्दा जागेचा. दोन खोल्यांच्या घरात भिंत असते, कोपरा नसतो.

आता मुंग्यांकडे येतो, कारण माझ्या मते निवड तिथेच होते.

आपल्याकडे डिसेंबरात रात्री गारठा असला तरी दुपार तिशीच्या आसपास जाते. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरातलं चॉकलेट दुपारी मऊ पडतं आणि रात्री पुन्हा घट्ट होतं. असं दोन-चारदा झालं की वर पांढरी भुकटी दिसते. ते खराब झालेलं नसतं, आतलं कोकोचं लोणी वर आलेलं असतं, पण मूल ते तोंडात घालत नाही. बरं, चॉकलेटऐवजी चिक्की किंवा शेंगालाडू ठेवला तर वितळण्याचा प्रश्न मिटतो आणि मुंग्यांचा वाढतो. दोन्ही टोकांना पीळ दिलेला कागद दिसतो बंद, असतो उघडा. सकाळी बघावं तर छताच्या कोपऱ्यातून खिळ्यापर्यंत, खिळ्यावरून दोरीला आणि दोरीवरून नेमकी अकराव्या कप्प्यात एक काळी रेघ चाललेली असते. खाऊ काढून टाकला तरी रेघ मोडत नाही. मुंग्या येताना वास सोडत येतात, आणि टॉवेलच्या फासांत अडकलेला साखरेचा कण झटकून निघत नाही. लाल मुंग्या असतील तर कप्प्यात घातलेलं बोट चावूनच बाहेर येतं, आणि दुसऱ्या दिवशी मूल कप्प्याला हात लावत नाही.

उपाय आहेत, पण प्रत्येकाला शेपूट आहे. खिळ्याला व्हॅसलीन लावलं तर दोन दिवस चालतं, मग त्यावर धूळ बसून मुंग्यांना पूल मिळतो. हळद टाकली तर टॉवेल पिवळा. मुंग्यांचा खडू जिथे मुलांचा हात जातो तिथे नकोच, ते विष आहे. साबणाच्या पाण्याने भिंतीवरची वाट पुसणं हाच त्यातल्या त्यात खरा उपाय, पण तो रोज करावा लागतो. शेवटी सगळेच एका ठिकाणी येतात: खाऊ आधी भरून ठेवायचा नाही, रोज रात्री मुलं झोपल्यावर एक कप्पा भरायचा.

इथून पुढची साखळी तुम्हीच जोडा. भांडी, डबा, दुसऱ्या दिवशीचा गणवेश, आणि साडेअकराला आठवतं की सतरावा कप्पा रिकामा आहे. नाही आठवलं तर सकाळी पावणेसातला, शाळेची रिक्षा दारात उभी असताना, रिकाम्या कप्प्यात हात घालून उभं राहिलेलं पोर. दोन मुलं असतील तर चोवीस दुणे अठ्ठेचाळीस वस्तू, किंवा एक दिवसाआड पाळी आणि पाळीवरून रोजची मारामारी. खाऊऐवजी चिठ्ठ्या ठेवता येतात: ‘आज आजीला फोन’, ‘आज चांदणी कापायची’. चांगली कल्पना आहे, सहा-सात वर्षांच्या मुलाला चालतेही. चार वर्षांचं मात्र चिठ्ठी उलटीपालटी करून विचारतं, खाऊ कुठाय?

गव्हाणीत हे होत नाही. तिथे खायला काही नसतं आणि एखादा दिवस राहिला तर कुणाला कळत नाही, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं काम होतं.

गव्हाणी म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा, पण घरात सगळ्या देखाव्यालाच गव्हाणी म्हणतात. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना यातलं काहीच नवं नाही. माती, हिरवळ आणि चित्रं, म्हणजे मातीच्या बाहुल्या, तीच, मावळ्यांच्या जागी मेंढपाळ. गोठ्यासाठी डाळिंबाचं जाड पुठ्ठ्याचं खोकं आडवं करा आणि पुढची झाकणं कापून टाका. मागे एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून ठेवा, दिव्यांची वायर तिथून येते. छपराला कडबा. डिसेंबरात शाळू रानात उभा असतो, नवा कडबा फाल्गुनाच्या आसपास येतो, म्हणून गेल्या वर्षीची वाळलेली ताटं मागा. ती हलकी असतात, ते बरंच. पात सोलून ताट मधोमध उभं चिरा, सपाट बाजू खाली ठेवून चिकटवा आणि वर सुतळीचे दोन वेढे द्या. अख्खी गोल ताटं फेव्हिकॉलने धरत नाहीत, घरंगळतात. चिरण्याचं काम मोठ्यांनीच करावं, कडब्याची कड ब्लेडसारखी कापते.

चित्रांसाठी अंगणातली काळी माती वापरायचा मोह होतो. वापरू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच मेंढीला पडतात. गणपतीतला उरलेला शाडू उत्तम. नसेल तर सोलापुरातल्या कुंभार वेशीकडे कुंभाराची मळलेली माती मिळते का बघा. चित्र अंगठ्यापेक्षा जाड करायचं असेल तर आत चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा गोळा घाला. वाळवायचं सावलीत, चार-पाच दिवस. उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी वाळून आवळतो, आतला ओला राहतो आणि मानेपाशी तडा जातो. पोस्टर कलर पूर्ण वाळल्यावरच द्या. ओल्यावर दिला तर नंतर पापुद्रे निघतात.

लूकच्या शुभवर्तमानात बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचं आहे. बैल, गाढव यांचा उल्लेख तिथे नाही, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून देखाव्यात आले. तेव्हा आपल्या मुलाला पंढरपुरी म्हैस ठेवावीशी वाटली तर अडवू नका. फक्त तिची शिंगं तलवारीसारखी लांब असतात, आणि मातीची लांब शिंगं वाळताना गळतातच. माती ओली असतानाच डोक्यात दोन बारीक तारा खोचा, खांद्यापर्यंत मागे वाकवा आणि त्यावर मातीचा पातळ लेप द्या. आगपेटीच्या काड्या चालत नाहीत, त्या ओल धरून फुगतात आणि कपाळ चिरतात.

रोजचं काम म्हणजे काडी. मुलाने काही चांगलं केलं की पेंढ्याची एक काडी देखाव्यातल्या बाळाच्या रिकाम्या गव्हाणीत टाकायची, २४ च्या रात्रीपर्यंत बाळासाठी अंथरूण तयार. हातभर अंतरावरून नीट दिसावी अशी १५ बाय १० सेंटीमीटरची गव्हाणी केली तर बोटभर लांबीच्या शंभर-सव्वाशे काड्या लागतात. दोन मुलांच्या दिवसाला पाच धरल्या तर बरोबर भरते. काचसामानाच्या दुकानात पॅकिंगचा पेंढा मागितला तर मिळतो. माळावरचं कुसळी गवत आणू नका, कुसळ बोटात आणि मोज्यात शिरतं. आणि काड्या मोजू नका. मोजायला लागलं की भावाला पाणी देऊन लगेच काडी मागणारे व्यापारी तयार होतात.

हिरवळीला गहू. हंगेरी, क्रोएशियात १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी, नाताळसाठी गहू पेरतात, आपल्या घटासारखंच. १३ च्या रात्री अर्धी वाटी गहू भिजत घाला, १४ ला फडक्यात बांधून ठेवा, १५ ला स्टीलच्या ताटात दोन बोटं मातीवर दाट पसरा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी आणि आंबूस वास. २४ पर्यंत करंगळीएवढे कोंब येतात. विसरलात तर २० तारखेला अळीव टाका. ताट मात्र वेगळं ठेवा. कच्च्या मातीची चित्रं गव्हाच्या कडेला टेकवली की ओल चढते आणि दोन दिवसांत मेंढपाळाचे पाय घोट्यापासून विरघळतात.

गव्हाणीचे तोटेही आहेत. कोपरा महिनाभर अडतो, झाडताना पेंढा घरभर होतो, मांजर असेल तर ती बाळाच्या जागी झोपते. तीन वर्षांखालचं मूल असेल तर बोटाएवढी चित्रं तोंडात जातात. त्या घरी चिठ्ठ्यांचं, बिनखाऊचं कॅलेंडर उजवं. पेंढ्याजवळ मेणबत्ती कधीही नको, बॅटरीवरची एलईडी माळ लावा. काही घरांत वडीलधाऱ्यांना मूर्ती मांडणं रुचत नाही. तिथे चित्रं वगळून गोठा, गहू, रिकामी गव्हाणी आणि वर तारा एवढं केलं तरी काडीचा रिवाज चालतो.

एकच मूल, ते सहाच्या पुढचं, आणि रात्री कप्पा भरायला घरात शिस्तीचं कुणी असेल तर कॅलेंडर घेऊन पस्तावणार नाही. बाकीच्यांनी गव्हाणीकडे जावं असं मला वाटतं. ती २४ ला संपतही नाही: मागी लोकांना, म्हणजे बाळाच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेच्या ज्ञानी पुरुषांना, खिडकीतून निघून रोज एक हात पुढे सरकत ६ जानेवारीला पोचायचं असतं, म्हणजे सुट्टीतल्या रिकाम्या दिवसांचीही सोय.

शाडू नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच आणून ठेवा. चित्रं १२ तारखेच्या आत हातावेगळी झाली तर रंगाला वेळ मिळतो. २० नंतर केलेली म्हैस नाताळच्या सकाळी बोट लावलं की ओलीच लागते.