बालमोरल बॉनेट: आधी भिजवा, मग घाला

गेल्या ऑक्टोबरात एडिंबरात रॉयल माईलवरच्या एका दुकानातून गडद निळी बालमोरल बॉनेट, म्हणजे स्कॉटलंडची पारंपरिक गोल लोकरी टोपी, घेतली. आठ महिने झाले रोज घालतोय, म्हटलं आता नीट लिहावं, कारण टोपी खरंच फार छान आहे पण आणल्या आणल्या डोक्यावर घातली तर जवळपास प्रत्येकाला वाटणार की पैसे पाण्यात गेले. मलाही तसंच वाटलं होतं. चारी बाजूंनी सारखी बाहेर आलेली, ताठ, डोक्यावर परात ठेवल्यासारखी. बायको काही बोलली नाही पण चेहरा बघून कळलं.

त्याआधी एक स्वस्तातली घेतली होती पर्यटकांच्या दुकानातून. ती ऍक्रिलिकची निघाली, तिला काहीही करा, आकारच धरत नाही, पहिल्याच पावसात लोंबली. त्यामुळे पहिली गोष्ट ही की लेबल वाचा आणि शंभर टक्के लोकर असेल तरच घ्या. शक्यतो एकसंध विणलेली घ्या, म्हणजे डोक्यावरच्या गोल भागाला कुठे शिवण नसते. ही पद्धत जुनी आहे, एअरशायरमधलं स्टुअर्टन आणि किलमार्नॉक ही गावं याच कामासाठी ओळखली जायची. टोपी आधी बरीच मोठी विणायची, मग पाण्यात कुटून-मळून आटवायची, की लोकरीचे धागे एकमेकांत घट्ट बसतात आणि नमद्यासारखं जाड कापड होतं. त्यामुळेच वारा आत शिरत नाही आणि भुरभुर पाऊस वरच्या वर झटकला जातो. इथे छत्री दोन मिनिटांत उलटी होते, त्यामुळे हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आकार द्यायचं. हे मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं, ते तरुणपणी एका स्कॉटिश रेजिमेंटमध्ये होते. टोपी हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, "अजून भिजवली नाहीस?" आधी बिल्ला काढून ठेवायचा, नाहीतर पिनेचा गंज लोकरीला लागतो. मग वरचा गोल भाग कोमट पाण्यात भिजवायचा, गरम पाणी अजिबात नको, लोकर आणखी आटते आणि मग टोपी लहान भावाला द्यावी लागते. आत चामड्याची पट्टी असेल तर ती कोरडी ठेवायची. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं (टॉवेल जुना घ्या, माझ्या पहिल्या धुण्यात निळा रंग उतरला). मग ओली टोपी डोक्यावर घालायची, पट्टी सगळीकडून सरळ, भुवयांच्या वर साधारण दोन बोटं. आणि तळहाताने वरचा भाग उजवीकडे खाली, उजव्या कानाकडे ओढत दाबत राहायचं. डावी बाजू उभी राहिली पाहिजे, कारण तिथे रिबनचं काळं फूल असतं, ज्याला कॉकेड म्हणतात, आणि त्यावर बिल्ला लागतो, डाव्या डोळ्याच्या किंचित मागे. १७४५ च्या उठावात जॅकोबाइट लोक, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे समर्थक, निळ्या बॉनेटवर पांढरं कॉकेड लावायचे, त्यामुळे ही जागा नुसती शोभेची नाही.

अर्धा तास तशीच डोक्यावर ठेवली. आजोबा मधेमधे येऊन बोटाने एक घडी मागे सारायचे, गांधी टोपीची कड जशी आपण चिमटीत धरून नीट करतो ना, अगदी तसं. नंतर मध्यम पातेलं उपडं घालून त्यावर रात्रभर वाळवली, हीटरपासून लांब. सकाळी घातली तर वेगळीच टोपी. उजवीकडे छान उतार, मधला लाल गोंडा, म्हणजे टूरी, बरोबर जागेवर. तेव्हापासून मोठ्या पावसात भिजून आलो की दोन मिनिटं हाताने परत तेवढंच करतो, बास.

बिल्ल्याबद्दल थोडं, कारण आपल्या लोकांना हा प्रश्न पडतो. पट्टा-बक्कलच्या गोलात कुळाचं चिन्ह असलेला बिल्ला त्या क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश कुळाच्या, माणसांसाठी असतो आणि मागे गरुडाची तीन पिसं फक्त क्लॅनच्या प्रमुखाची. दुकानात सगळं मिळतं म्हणून सगळं लावू नये असं मला मनापासून वाटतं. मी साधं थिसलचं फूल, म्हणजे स्कॉटलंडचं चिन्ह असलेलं काटेरी फूल, लावलंय, ते कुणीही लावावं. ग्लेनगॅरी, म्हणजे होडीसारखी घडीची, तिला वेगळी शिस्त लागते, बॅगपाईपवाल्यांना ती शोभते, रोजच्या चालण्याला बालमोरलच बरी.

तक्रार एकच. मागच्या दोन रिबनींपैकी एक तिसऱ्या आठवड्यात सुटली, शिवण अगदी वरवरची होती. घरी सुई-दोऱ्याने पक्की केली. पूर्वी मागच्या रिबनी ओढून टोपी घट्ट करायचे, माझ्या टोपीच्या नुसत्या शिवलेल्या आहेत, त्यामुळे मापात चूक करून चालत नाही. टेपने कपाळावरून कानाच्या वरून माप घ्या, माझं ५७ सेंटीमीटर भरलं, ५८ घेतली आणि ती बरोबर बसली.

पुढच्या महिन्यात वडील येतायत, त्यांच्यासाठी तपकिरी घेणार आहे, त्याच दुकानातून. रिबन मात्र या वेळी तिथेच काउंटरवर ओढून बघणार.