स्पीच थेरपी सेंटर, नाशिक: पॅकेज गळ्यात न मारता आधी न्यूरोकडे पाठवणाऱ्या मॅडम

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो जिन्यासाठी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि येणारे पेशंट कोण तर लकवा झालेले, पार्किन्सनचे, कुणी एक पाय ओढत चालणारे, मग जागा घेताना एवढं तरी बघायला नको का. बाकी कामाबद्दल म्हणाल तर डोळे झाकून जा. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण "चांगली स्पीच थेरपी कुठे मिळेल" असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांना मुळात बोलणं कशामुळे बिघडलंय हेच माहीत नसतं, आणि ते कळल्याशिवाय थेरपीला पैसे घालणं म्हणजे निव्वळ पाण्यात.

आमच्या आईचं वय ६८. सकाळी बोलणं एकदम ठणठणीत, मावशीशी फोनवर गप्पा सुरू झाल्या की मात्र शेवटी शेवटी आवाज नाकातून यायला लागायचा, शब्द एकमेकांत मिसळायचे, मावशी म्हणायची अगं तोंडात घास ठेवून बोलतेस का. संध्याकाळी तर जास्तच. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं, कुणी म्हणे कवळी सैल झालीय, कुणी म्हणे अशक्तपणा, शहाळं पाजा, आणि काकांनी तर थेट लकव्याचा झटका म्हणून जाहीर करून टाकलं. फॅमिली डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला त्यात काही निघालं नाही, शुगर, थायरॉइड, सोडियम सगळं नॉर्मल. सगळे निर्धास्त झाले आणि कुणीतरी स्पीच थेरपी सुचवली.

आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. तिथे पहिल्याच दिवशी पॅकेज, पैसे आगाऊ, आणि मग सुरू, गाल फुगवा, जीभ बाहेर काढा आत घ्या, मेणबत्ती फुंका, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढा, पेपर मोठ्याने वाचा. आई घरी यायची ती पार गळून, आणि रात्री जेवताना ठसका लागायचा. तिथल्या मुलाला सांगितलं तर म्हणे सराव कमी पडतोय, वाढवा! आता वाचल्यावर कळतंय की नुसत्या फुंकण्या-फुगवण्याने बोलणं सुधारतं याला तसा काही दमदार पुरावाच नाही, बोलणं सुधारायचं तर बोलण्याचाच सराव लागतो, आणि आईच्या केसमध्ये तर तो दमछाक होईपर्यंत करणंच चुकीचं होतं.

या सेंटरमध्ये मॅडमनी पहिला पाऊण तास नुसती चौकशी केली. कधीपासून, अचानक की हळूहळू, दिवसभरात कमीजास्त होतं का, पाणी पिताना नाकातून येतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग "काकू, प-ट-क प-ट-क प-ट-क म्हणा, जमेल तेवढं भरभर." मी मनात म्हटलं हा काय पोरखेळ, पण त्यात गंमत अशी की प ला ओठ लागतात, ट ला जिभेचं टोक आणि क ला जिभेचा मागचा भाग, त्यामुळे तीन अक्षरांत कुठला भाग ढिला पडलाय ते ऐकूनच कळतं. चेहऱ्याचा लकवा असलेल्याचा प अडकतो, मेंदूच्या मागच्या भागाचा म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असला तर लयच बिघडते, असं त्यांनी समजावलं.

मग आईला एकपासून मोठ्याने आकडे म्हणायला लावले. वीसपर्यंत स्वच्छ. तिशी ओलांडल्यावर आवाज नाकात जायला लागला आणि पन्नास आला तेव्हा आई चक्क "मन्नास" म्हणाली, मी शेजारीच बसलो होतो. टाळूचा मागचा भाग दमला की हवा नाकातून निसटते म्हणून प चा म ऐकू येतो. दोन मिनिटं गप्प बसवलं, परत म्हणायला लावलं, परत स्वच्छ! मग "काकू, मान न हलवता वर छताकडे बघत राहा", तर मिनिटभरात डावी पापणी हळूहळू खाली. आम्ही रोज आईला बघतो पण ती पापणी कुणालाच दिसली नव्हती, सगळे झोप झाली नाही म्हणून सोडून देत होतो. मॅडम म्हणाल्या मी आज काहीच व्यायाम देणार नाही, आणि न्यूरोलॉजिस्टच्या, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांच्या नावाने पानभर चिठ्ठी लिहून दिली. फी फक्त तपासणीची घेतली.

न्यूरोलॉजिस्टनी रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी आणि नसेला परत परत हलका करंट देऊन बघायची टेस्ट केली, निघालं मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे शरीराच्याच अँटीबॉडी अडथळा करतात, त्यामुळे स्नायू वापरला की दमतो आणि विश्रांतीने परत चालतो. मेंदूत काही बिघाडच नाही तर एमआरआयमध्ये दिसणार काय! छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यात कधीकधी गाठ सापडते म्हणून छातीचा सीटी पण झाला, तो सुदैवाने साफ. नागाचं, मण्यारचं विष पण याच जागी घाव घालतं हे डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा काटाच आला, म्हणजे रात्री जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पापण्या मिटत बोबडं बोलत उठला तर चावल्याची खूण दिसो न दिसो, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

या आजारावरच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्यावर मॅडमकडे परत गेलो आणि खरं काम तेव्हा सुरू झालं. महत्त्वाची बोलणी, बँकेचे फोन वगैरे सकाळीच. वाक्यं छोटी, मध्ये थांबा घ्यायचा. गोळीचा असर असताना जेवायचं, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनुसार जेवणाच्या थोडी आधी गोळी. घास गिळताना हनुवटी खाली, जेवताना टीव्ही बंद, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. भाकरी आमटीत कुस्करून, कोरडे पोहे बंद. स्पीच थेरपिस्ट गिळण्याचं पण बघतात हे मला माहीतच नव्हतं, आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो म्हटल्यावर बोलण्यापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं निघालं. शिवाय पर्समध्ये आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड ठेवायला लावलं, कारण काही अँटिबायोटिक या आजारात चालत नाहीत, आणि श्वास लागला तर थेट कॅज्युअल्टी, वाट बघायची नाही.

वेटिंगमध्ये बसून जे ऐकलं ते पण सांगतो. एक आजोबा पार्किन्सनचे, आवाज इतका बारीक की आजींनाच दुभाष्या व्हावं लागायचं, त्यांचा मोठ्या आवाजात बोलायचा कोर्स चालू होता, आठवड्यात चार दिवस असा चार आठवडे, आत गेले की बाहेर सगळ्यांना ऐकू यायचं आणि आजी हसायच्या. एका काकांचे उच्चार अगदी शुद्ध पण चमच्याला किल्ली म्हणायचे, त्यांना लकव्यानंतर शब्द सापडत नव्हते, तो प्रकार वेगळा आणि थेरपीही वेगळी. फिटची गोळी चालू असलेली एक ताई, बोलणं जड आणि चालताना झोकांड्या, लोकांना वाटायचं पिऊन आलीय, तर गोळीचं रक्तातलं प्रमाण जास्त निघालं, डॉक्टरांनी डोस बदलला आणि थेरपीची गरजच उरली नाही. आणि गुटख्याने तोंड दोन बोटंसुद्धा न उघडणारा तिशीतला पोरगा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, टपरीवर जाऊन बघा.

रिसेप्शनवरच्या ताईंचं पण कौतुक, फोनवर अपॉइंटमेंट द्यायच्या आधी विचारतात, कधीपासून होतंय? माझ्यासमोर कुणीतरी सांगितलं आज सकाळपासून वडिलांचं बोलणं अडखळतंय, तर ताईंनी अपॉइंटमेंट दिलीच नाही, म्हणाल्या दादा इथे आणू नका, सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला आत्ता निघा. बरोबरच आहे, लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडे त्यातला निम्मा वेळ तळपायाला तेल चोळण्यात आणि कांदा हुंगवण्यात जातो. शुगर एकदम उतरली तरी असंच बोबडं होतं, तेही तिथेच लगेच कळतं.

नावं ठेवायला पण जागा आहे. दिलेली वेळ कधीच पाळत नाहीत, अर्धा तास धरूनच चला. पार्किंगच्या नावाने बोंब. रिपोर्टची फाइल त्यांच्याकडून एकदा दुसऱ्याच पेशंटच्या ढिगात गेली होती, सापडली पण आम्हाला घाम फुटला. एका सेशनचे ७०० रुपये, आमच्या मेडिक्लेमने ओपीडी म्हणून एक रुपया दिला नाही.

जमेच्या बाजूला अजून एक, मॅडमचं आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं आहे. कुठेही गेलात तरी हे बघून घ्या, पंधरा दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावलेले लोक पण आहेत बाजारात. व्यायामाचे कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, त्यामुळे आईला मला विचारावं लागत नाही. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवली तर त्या ऐकून रात्रीपर्यंत उत्तर देतात.

आईसारखा त्रास असेल तर पहिली वेळ संध्याकाळची घ्या, तेव्हाच काय बिघडतंय ते त्यांना दिसतं, आणि नंतरच्या सेशनसाठी सकाळची मागून घ्या. शनिवार टाळा, त्या दिवशी लहान मुलांची बॅच असते, बसायला खुर्ची मिळत नाही.