सांगली-साताऱ्याच्या उमेदवारांसाठी 'सीयू-चयन'

नेट किंवा सेट ही अध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवूनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे अनेक जण सांगली-साताऱ्यात आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा शोध शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील संस्थांपाशीच थांबतो. मीही त्यांच्यातलाच असल्याने विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'सीयू-चयन' या संकेतस्थळाची शिफारस मी मनापासून करतो.

देशभरातील केंद्रीय विद्यापीठांच्या अध्यापक पदांच्या जाहिराती एकत्र आणण्यासाठी हे दालन उभारले आहे. एकदा नोंदणी केली की विद्यापीठ, विषय, पदनाम आणि ठिकाण यांनुसार जागा शोधता येतात व अर्ज कुठवर पोहोचला तेही त्याच खात्यात दिसते. पूर्वी प्रत्येक विद्यापीठाचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे चाळावे लागे. कलबुर्गीच्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठात आपल्या विषयाची जागा निघाली होती, हे मिरजेतल्या उमेदवाराला अनेकदा मुदत उलटल्यावर कळायचे. नोंदणी एकच असली, तरी निवडप्रक्रिया ज्या त्या विद्यापीठाची असते, शुल्कही वेगळे असते आणि काही विद्यापीठे अर्जाची छापील प्रत टपालाने मागवतात.

आपल्याकडच्या उमेदवारांची खरी अडचण होते ती दाखल्यांपाशी. राज्यातील भरतीसाठी काढलेला इतर मागासवर्गाचा दाखला येथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातील, क्रीमीलेयरमध्ये नसल्याचा उल्लेख असलेला दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. भटक्या-विमुक्तांचा वेगळा प्रवर्ग केंद्रात नाही, मात्र त्यांतील अनेक जाती केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. हा दाखला हाती यायला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता तहसील कार्यालयात अर्ज करून ठेवावा, असे मी प्रत्येक सहकाऱ्याला आवर्जून सांगतो.

या दालनाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. शिवाजी विद्यापीठ, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ किंवा आपली अनुदानित महाविद्यालये यांच्या जागा येथे मिळणार नाहीत. त्यासाठी वर्तमानपत्रे आणि संस्थांची संकेतस्थळे यांवरच नजर ठेवावी लागते. राज्यातील सर्व महाविद्यालयांसाठी असेच एक दालन असावे, असे मला तीव्रतेने वाटते.

पीएच.डी.नंतरच्या संशोधनवृत्तीसाठीही या संकेतस्थळावर विसंबू नये. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते व तिच्या अर्जासाठी मार्गदर्शकाची संमती लागते, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेतील आपल्या विषयाच्या शास्त्रज्ञांना, स्वतःचे संशोधन एका पानात मांडणारे पत्र घोषणा होण्याआधीच पाठवलेले बरे.