मोटराइज्ड फेडरचा कंट्रोलर विकायचाय, पण आधी वर्षभराचा अनुभव वाचा

फोन करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. याला माईक किती लागतात? एकही नाही. हा मिक्सर नव्हे, कंट्रोलर आहे. याच्यातून आवाज जातच नाही. आवाज तुमच्या ऑडिओ इंटरफेसमधून (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) लॅपटॉपमध्ये जातो, हा फक्त सॉफ्टवेअरमधले फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खिट्ट्या, तुमच्या बोटाखाली आणून देतो. एक गृहस्थ पार लांबून आले, मागची बाजू उलटीपालटी करून माईक जोडायची एक्सएलआरची भोकं शोधली आणि चहा पिऊन परत गेले. चहाचं काही नाही, पण रविवार गेला.

आठ चॅनेलचे आठ फेडर आणि एकूण आवाजाचा एक मास्टर, सगळे १०० मिलिमीटरचे, मोटरवर चालणारे, स्पर्श ओळखणारे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सर्व्हिस सेंटरशी वाद अजून मिटलेला नाही. येणाऱ्याला दिसेलच.

घेतला तेव्हा आमच्या भजनी मंडळाचे अभंग घरीच रेकॉर्ड करायचं चाललं होतं. मुख्य आवाज, कोरस, पखवाज, हार्मोनियम, टाळ, तंबोरा. माउसने एका वेळी एकच फेडर हलतो. इथे एक बोट आवाजावर, दुसरं पखवाजावर. पखवाजाच्या धुमेवरची, म्हणजे खर्जाच्या तोंडावरची, कणीक वाळत जाते तसा तिचा घुमारा बदलतो, शेवटच्या कडव्यापर्यंत पहिल्याचं वजन राहत नाही. ते कंप्रेसरने (आवाजातला चढउतार आपोआप दाबणारं साधन) सावरायला गेलं की टाळ आणि पखवाज मिळून सगळा चिवडा होतो. डोळे मिटून फेडर हळूहळू वर सरकवला की निभतं. गायक मंद्रात उतरला की वर, तार सप्तकात गेला की खाली. आणि फेडर खरंच हळू सरकतो. मिडी म्हणजे संगीताच्या उपकरणांची आपसातली संदेशांची भाषा. तिच्यातल्या साध्या ‘सीसी’ संदेशावर चालणाऱ्या छोट्या कंट्रोलरला १२८ पायऱ्या मिळतात. हा चालतो त्या मॅकी कंट्रोल पद्धतीत फेडरची माहिती पिच बेंड नावाच्या मोठ्या संदेशातून जाते, त्यामुळे हजारभर पायऱ्या मिळतात. लांब फेड-आउट करताना हा फरक कानाला कळतो.

आता माझं खरं दुखणं. वरचा डिस्प्ले. प्रत्येक चॅनेलला सात अक्षरं, तीही रोमनच. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ट्रॅकना मराठीत नावं देतो, ती इथे कचरा होऊन उमटतात. यात दोष एकट्या कंपनीचा नाही. मिडी संदेशातला डेटा सात बिटांचा, म्हणजे १२७ च्या पुढचा आकडा त्यात बसतच नाही, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर युनिकोडमध्ये त्याच्या कितीतरी पुढे. कारण समजलं म्हणून चीड जात नाही. रोमन लिपीत तंबोऱ्याला ‘तानपुरा’ म्हटलं तर बरोब्बर सात अक्षरं होतात, म्हणून आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये तंबोऱ्याचा तानपुरा झाला. हार्मोनियमचं शेपूट तुटून ‘हार्मोनी’ उरतं. पखवाजाचा शेवटचा ज पडतो. मिक्स करताना ही नावं बघून दर वेळी डोकं फिरायचं. शेवटी फेडरखाली कागदी चिकटपट्टी लावून पेनाने मराठीत नावं लिहिली. एवढे पैसे मोजून पुन्हा चिकटपट्टीच! (पट्टी काढली आहे, गोंदाचा डाग नाही.)

दिवाळीच्या सुमारास कोणी विचारलं असतं तर ‘घेऊ नका’ म्हणालो असतो, आणि ते डिस्प्लेमुळे नव्हे. चार नंबरचा फेडर बोटाशी भांडायला लागला. मी वर नेतोय, मोटर खाली ओढतेय. टच मोडमध्ये बोट टेकल्यावर मोटरने सोडून द्यायला हवं आणि हालचाल लिहिली जायला हवी. त्याला बोट टेकलंय हेच कळेना. मग सहा नंबरही तसाच. सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांच्या टेबलावर सगळे फेडर शहाण्यासारखे चालले. तरी ‘असेंब्ली बदलावी लागेल’ म्हणून खर्चाचा अंदाज हातात, आणि तपासणीची फी वेगळी. बिघाड दिसलाच नाही तर बदलायचं काय, या प्रश्नावर उत्तर आलं, ‘सर, पॉलिसी आहे.’

घरी आणला तर पुन्हा तेच. तिथे चालतो, इथे नाही, म्हणजे घोळ जागेचा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर लावला आणि बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर आत नुसतीच गुंडाळून ठेवलेली, तिसऱ्या पिनेला जोडलेलीच नाही. हे फेडर शरीराच्या विद्युत धारितेवरून स्पर्श ओळखतात, त्याला जमिनीचा आधार लागतो. याचा अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा, त्यामुळे अर्थिंग मिळणार ते यूएसबीमधून लॅपटॉपच्या चार्जरपर्यंत, आणि तिथेच रस्ता बंद. वायर जोडल्यावर दोन्ही फेडर वळणावर आले. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्याही गेल्या. ‘घरी अर्थिंग आहे का’ हा एक प्रश्न सर्व्हिसवाल्याने विचारला असता तर माझी फी वाचली असती. फीचे पैसे मी अजून मागतोय.

तेव्हापासून मत साफ बदललं. फेडर उत्तम आहेत. डिस्प्लेबद्दलचं मत तेच.

एक गोष्ट घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. बँक बदलली, म्हणजे पुढच्या आठ ट्रॅकवर गेलं, की आठच्या आठ मोटरी एकदम खर्र करतात. त्याच खोलीत कंडेन्सर माईक उघडा असेल तर तो हे इमानदारीने टिपतो. रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवा, मिक्सिंगला चालू करा. एका खोलीत संसार असलेल्यांनी रात्री दोनचा विचारही करू नये.

मग विकतोय कशाला? मंडळाचं रेकॉर्डिंग थांबलं, आता माझ्याकडे ऑडिओबुकचं काम आहे. एक आवाज, एक ट्रॅक. आठ फेडर नुसते उभे राहतात आणि अर्धं टेबल अडवतात. एक फेडरवाला छोटा मला पुरेसा आहे.

नव्याच्या साठ टक्क्यांत देईन. ‘लास्ट किती’ला फार तर पाचशे कमी. वर कायम सुती कापड असायचं, धूळ आत गेलेली नाही. कुठलाही स्प्रे मारलेला नाही, तुम्हीही मारू नका. कुरियर करणार नाही. स्वतःचा लॅपटॉप आणा, हवा तो प्रोजेक्ट उघडा, टच मोडमध्ये एकेक फेडर पकडून बघा. खोका, अ‍ॅडॉप्टर, बिल सगळं आहे. यूएसबी केबल मात्र तुमची आणा. आता लावलेली आहे ती प्रिंटरची, ती मिळणार नाही.